तपकिरी तबकडी, ८०० प्रती

(पडदा काळा. ॲम्प्लिफायर चालू असल्याची घरघर. मग एक गिटार, तारांवर वाळू सांडावी तशी.)

हा आवाज ऐकून तुमचा हात बटणाकडे गेला असेल, तर क्षणभर थांबा. तुमचा स्पीकर फाटलेला नाही. गिटार अशीच वाजावी म्हणून चार तरुणांनी कुणाला नको असलेली जुनी यंत्रं वापरली आणि एका ध्वनिमुद्रकाने ती खरखर जशीच्या तशी टेपवर उतरवली. साल १९८८, वसंत ऋतू. शहर सिॲटल, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं. बँडचं नाव मडहनी. गाण्याचं नाव 'टच मी आय'म सिक'. म्हणजे, मला शिव, मी आजारी आहे.

गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. ऑगस्ट महिन्यात त्याची सात इंची तबकडी निघाली. पहिल्या खेपेला कॉफीसारख्या तपकिरी रंगात ८०० प्रती. आपल्याकडच्या एखाद्या मंगल कार्यालयात लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसं जेवून जातात.

ग्रंज, म्हणजे सिॲटलमधून आलेलं हे खरखरीत रॉक संगीत, म्हटलं की आपल्याला आधी निर्वाणा हा बँड आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या आवाजाचा साचा कुठे पडला, असं कुणी मला विचारलं तर मी या तपकिरी तबकडीकडे बोट दाखवतो. आज तिचीच गोष्ट.

(दृश्य: पावसातलं सिॲटल. ओले रस्ते, बंदरातल्या क्रेन, ढगाखाली दिसेनासा झालेला स्पेस नीडलचा मनोरा.)

ऐंशीच्या दशकातलं सिॲटल म्हणजे बोइंगचे कारखाने, लाकडाचा धंदा, मासेमारी आणि पाऊस. संगीताचा बाजार इथून लांब होता, लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्कमध्ये. नावाजलेले बँड दौऱ्यावर निघाले की पुष्कळदा या कोपऱ्यापर्यंत यायचेच नाहीत. मग इथली पोरं एकमेकांसाठी वाजवायची. आज जो स्टेजवर तो उद्या समोरच्या गर्दीत. एका बँडचा ड्रमर दुसऱ्यात, दुसऱ्याचा गिटारवाला तिसऱ्यात.

त्या पोरांमधला एक मार्क आर्म. मूळ आडनाव मॅकलॉफलिन. १९८१ मध्ये त्याने सिॲटलच्या एका छोट्या नियतकालिकाला पत्र पाठवलं. पत्रात एका स्थानिक बँडवर झोड उठवली होती: निव्वळ ग्रंज, निव्वळ गोंगाट, निव्वळ घाण! तो बँड त्याचा स्वतःचाच होता. इंग्रजीत ग्रंज हा शब्द साध्या मळासाठी वापरतात, सिंकच्या कडेला साचतो तसल्या. पुढे जगभरच्या दुकानांत ज्या नावाने कप्पे लागले, तो शब्द सिॲटलच्या संगीताला इतक्या आधी चिकटलेला सापडतो, आणि तोही या गाण्याच्या गायकाच्या हातून. मला हे फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: रिकामी लिफ्ट. मागे गुळगुळीत, वाद्यांचं मंद संगीत.)

आणि हे संगीत ओळखीचं वाटतंय ना? लिफ्टमध्ये, दुकानात, दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत वाजतं ते. हे पुरवणारी म्युझॅक नावाची कंपनी तेव्हा सिॲटलमध्ये होती, आणि मार्क आर्म तिथे नोकरीला होता. ग्राहकांकडून परत आलेली टेपची काडतुसं साफ करायची, हे तिथलं काम. दिवसभर हात त्या टेपवर आणि कानावर ते मऊ, कुणाला न दुखावणारं संगीत. त्याच कंपनीत ब्रूस पॅव्हिट नावाचा आणखी एक जण काम करायचा. हा माणूस लक्षात ठेवा. पुढे तबकडी काढणाऱ्या दोघांपैकी हा एक.

पॅव्हिट आधी सबटेरेनियन पॉप नावाचं छोटं नियतकालिक काढायचा, पुढे त्याचंच झालं सब पॉप, तबकड्या काढणारी कंपनी. त्याचा भागीदार जोनाथन पोनमन विद्यापीठाच्या केसीएमयू या रेडिओ केंद्रावर कार्यक्रम करायचा. या दोघांची गाठ घालून दिली ती साउंडगार्डन बँडच्या किम थायिलने. थायिलचे आईवडील केरळचे. तो आणि पॅव्हिट शिकागोजवळच्या एकाच गावात वाढलेले. सिॲटलच्या या सगळ्या गोष्टीत एक मल्याळी घर असं मधोमध उभं आहे, आणि ते मला आवर्जून सांगावंसं वाटतं. १ एप्रिल १९८८ ला सब पॉपचं कार्यालय थाटलं गेलं. गाठीला पैसा जवळपास नव्हता.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. घामेजलेले केस, हवेत उडालेली गिटार, हललेला प्रकाश.)

मार्क आर्म आधी ग्रीन रिव्हर या बँडमध्ये गायचा. १९८७ च्या ऑक्टोबरअखेरीस तो बँड मोडला. दोघांना मोठ्या कंपनीचा करार हवा होता, आर्मला ते रुचत नव्हतं. ते दोघं म्हणजे जेफ अमेंट आणि स्टोन गोसार्ड. पुढे त्यांनी पर्ल जॅम उभा केला. आर्मने वेगळी वाट धरली. ग्रीन रिव्हर आधीच सोडून गेलेला गिटारवादक स्टीव्ह टर्नर त्याच्याबरोबर आला. ड्रमवर डॅन पीटर्स. बेसवर मॅट ल्यूकिन, सुतारकाम करणारा, मेल्व्हिन्स बँडमधून नुकताच बाहेर पडलेला. १ जानेवारी १९८८ ला मडहनी सुरू झाला असं मानतात. नाव एका जुन्या चित्रपटावरून घेतलेलं. आणि काही महिन्यांत हे चौघं ध्वनिमुद्रणाला उभे राहिले.

इथे जरा रेंगाळू या. ही माझी आवडीची जागा आहे.

(दृश्य: फरशीवर दोन पेडल. एक बूट येतो आणि खटका दाबतो.)

गिटारवाल्याच्या पायाशी असलेली ही पेटी म्हणजे फझ. युनिव्हॉक्स कंपनीच्या नावाने विकली गेलेली, जपानमध्ये बनलेली सुपर-फझ. आणि न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची बिग मफ. दोन्ही साठ-सत्तरच्या दशकांतल्या. ऐंशीच्या दशकात गिटार चकचकीत, काचेसारखी वाजवायची पद्धत होती, त्यामुळे असल्या पेट्यांना कुणी विचारत नव्हतं. जुन्या वस्तूंच्या दुकानात त्या स्वस्तात पडून असायच्या. मडहनीचं या दोन पेट्यांवर इतकं प्रेम की पुढे त्यांच्या पहिल्या ईपीचं, म्हणजे छोटेखानी अल्बमचं, नावच त्यांनी 'सुपरफझ बिगमफ' ठेवलं.

आत काय होतं? गिटारच्या तारेतून निघणारी विजेची लाट गोलसर असते, टेकड्यांसारखी. फझ ती लाट इतकी फुगवते की सर्किटच्या आवाक्यात ती मावत नाही, आणि टेकडीचा माथा छाटला जातो. गोल टेकडीचं पठार होतं. या छाटणीतून मूळ सुराच्या जोडीला वरचे कितीतरी सूर उगवतात, आणि कानाला ती खरखर वाटते. सुपर-फझ आणखी एक करते. लाटेचा खाली जाणारा भाग ती वर दुमडते. त्यामुळे त्याच सुराचा वरच्या सप्तकातला भाऊ मागे केकाटत राहतो.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो मिरजेचा तंबोरा. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, पृष्ठभागाला केसभर उतार देतो, तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी आणतो, आणि नुसती टण्ण वाजणारी तार झणझणायला लागते. त्याला आपण जवारी म्हणतो, आणि जवारी नीट लागली नाही तर गवई गायला बसत नाही. सुरात मुद्दाम मिसळलेली ती झणझण आपल्या कानाला परकी नाही. सिॲटलच्या पोरांनी ती टोकाला नेली, एवढंच.

(दृश्य: त्रिकोणी आकाराची जुनी, बुटकी इमारत. आत टेपचं यंत्र, फिरती चाकं.)

हा रेसिप्रोकल रेकॉर्डिंग स्टुडिओ. १९८६ मध्ये क्रिस हॅन्झेक आणि जॅक एंडिनो यांनी सुरू केलेला. एंडिनो शिक्षणाने विद्युत अभियंता, आधी नौदलाच्या गोदीत नोकरी केलेला, शिवाय स्वतः स्किन यार्ड या बँडचा गिटारवादक. म्हणजे सर्किट कळणारा आणि गोंगाटही कळणारा माणूस. असा योग विरळा. त्याच्याकडे आठ ट्रॅकचं यंत्र होतं. आठ ट्रॅकमध्ये ड्रम, बेस, दोन गिटार, आवाज, सगळं बसवायचं. लॉस एंजलिसला तेव्हा एकेका ड्रमचा आवाज महिनाभर घासूनपुसून काढत. इथे तेवढी जागाही नव्हती आणि वेळही. माइक लावायचा, वाजवायचं, टेपवर घ्यायचं, पुढे सरकायचं.

पैशाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. याच स्टुडिओत, याच एंडिनोकडे, त्याच वर्षाच्या अखेरीस निर्वाणाने आपला पहिला अल्बम 'ब्लीच' मुद्रित करायला घेतला. त्याचं बिल झालं ६०६ डॉलर आणि १७ सेंट. अख्ख्या अल्बमचं.

मडहनीला गिटार किती मळलेली हवी आहे हे पाहून एंडिनोलाही नवल वाटलं होतं, असं त्याने नंतर सांगितलंय. पण त्याने ती धुतली नाही. ध्वनिमुद्रकाचा हात कुठे चालतो हे तर ऐकणाऱ्याला कळतं. हात कुठे आवरला, हे सहसा कळत नाही. या गाण्यात ते कळतं.

(गाण्याची सुरुवात मागे. निवेदकाचा आवाज त्यावर.)

ऐका. गिटारची एकच ओळ, पुन्हा पुन्हा, चढणारी आणि घसरणारी. तिच्यात साठ-सत्तरच्या दशकांतल्या द स्टूजेस या मिशिगनच्या बँडचं रक्त आहे, आणि मडहनीने ते कधी लपवलं नाही. खाली ल्यूकिनचा बेस जागचा हलत नाही. पीटर्स स्नेअरवर असा कडकडाट लावतो की जिन्यावरून डबे गडगडत येतायत. आणि वर मार्क आर्म. आधी कुत्सित, नाकातला आवाज, मग चिरका, मग सरळ आरोळी. गाण्यातला माणूस आजारी आहे, किळसवाणा आहे, हे त्याला स्वतःलाच माहीत आहे. तरीही तो म्हणतो, शिव मला.

तो काळ लक्षात घ्या. एड्सच्या भीतीने अमेरिकेत स्पर्शाभोवतीच संशयाचं कुंपण पडलं होतं. गाणं त्या साथीवर लिहिलंय असा माझा दावा नाही. पण १९८८ मध्ये आजार आणि स्पर्श हे दोन शब्द एका ओळीत ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी हललं असणार.

दुसऱ्या बाजूला होतं 'स्वीट यंग थिंग एन्ट स्वीट नो मोर'. तेही मळकं, पण संथ. ते रात्री एकट्याने ऐकायचं गाणं आहे. आज त्याच्याकडे वळत नाही.

(दृश्य: तपकिरी तबकडी, जवळून. मधल्या गोल कागदावर संडासाच्या भांड्याचं चित्र.)

पहिल्या प्रती साध्या कागदी पाकिटात गेल्या. लेबलवर संडासाचं भांडं. ८०० हा आकडा सब पॉपच्या ऐपतीचाही होता आणि डोकेबाजपणाचाही. मोजक्या प्रती, वेगळा रंग, संपल्या की संपल्या. मग ज्याला मिळाली नाही तो विचारत फिरतो, आणि विचारत फिरणारा माणूस ही सगळ्यात स्वस्त जाहिरात. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सब पॉपने वर्गणीदारांना दर महिन्याला एक सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी तबकडी, पाठवायची योजना काढली. तिची पहिली तबकडी निर्वाणाची 'लव्ह बझ', १००० प्रती. त्या हिशेबाची चव मडहनीच्या या तबकडीने आधीच चाखून पाहिली होती.

गाणं विद्यापीठांच्या रेडिओ केंद्रांवर वाजू लागलं. पुढच्या खेपेला आणखी प्रती काढाव्या लागल्या, त्यांना चित्राचं पाकीटही मिळालं. पण माझ्या लेखी खरा शिक्का बसला तो न्यूयॉर्कहून. सोनिक यूथ हा तेव्हाचा अतिशय मानाचा बँड. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी आणि मडहनीने मिळून एक तबकडी काढली: एका बाजूला मडहनी सोनिक यूथचं 'हॅलोवीन' वाजवतोय, दुसऱ्या बाजूला सोनिक यूथ 'टच मी आय'म सिक'. ते गायलंय किम गॉर्डनने. आर्मच्या तोंडी जे पुरुषी ओरडणं होतं, तेच शब्द बाईच्या सपाट, थंड आवाजात आले की अंगावर काटा येतो. आता धमकी कोण देतंय आणि आजारी कोण आहे, सगळंच पालटतं. गाणं किती पक्कं बांधलंय हे दुसऱ्याने गायल्यावर कळतं. आपल्याकडे एकाची बंदिश दुसऱ्या घराण्याच्या गळ्यातून ऐकताना कळतं तसंच.

(दृश्य: लंडनमधली वर्तमानपत्रांची टपरी. साप्ताहिकांचे गठ्ठे.)

१९८९ च्या वसंतात मडहनी सोनिक यूथबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्याच सुमारास सब पॉपने मेलडी मेकर या ब्रिटिश साप्ताहिकाचा पत्रकार एव्हरेट ट्रू याला सिॲटलला आणलं. खिसा रिकामा असतानाचा हा खर्च, पण वसूल झाला. मार्चमध्ये त्याचे लेख आले आणि इंग्लंडला सिॲटल नावाचं गाव कळलं. अमेरिकेला आपल्याच शहराची ओळख परदेशातून झाली. हेही आपल्याला नवीन नाही.

९ जून १९८९. सिॲटलचं मूर थिएटर. सब पॉपने तीन बँड लावले: आधी निर्वाणा, मग टॅड, शेवटी मडहनी. स्थानिक बँडांना एवढं थिएटर भरेल यावर गावात फारसा कुणाचा विश्वास नव्हता. ते भरलं. त्या रात्री मुख्य बँड मडहनी होता आणि निर्वाणा त्यांच्या आधी वाजवणारा. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याने आपल्या आवडत्या ५० अल्बमांची यादी हाताने लिहून ठेवली होती. त्यात 'सुपरफझ बिगमफ' आहे. मडहनीचा डॅन पीटर्स तर १९९० मध्ये थोडे दिवस निर्वाणाचा ड्रमर होता. 'स्लिव्हर' या सिंगलवर तोच वाजतो. त्याच्यानंतर डेव्ह ग्रोल आला.

पुढचं जगाला ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. सप्टेंबर १९९१, निर्वाणाचा अल्बम 'नेव्हरमाइंड'. जानेवारी १९९२ मध्ये तो अमेरिकेच्या यादीत पहिला. सिॲटलवर कंपन्यांची झुंबड. या पोरांचे चौकड्यांचे शर्ट फॅशनच्या रॅम्पवर. १९९२ च्या 'सिंगल्स' या चित्रपटात एक खोटा बँड आहे, त्याच्या गाण्याचं नाव 'टच मी आय'म सिक'मधला शेवटचा शब्द बदलून केलेलं. त्या खोट्या बँडमध्ये अमेंट आणि गोसार्ड आहेत, म्हणजे आर्मचे ग्रीन रिव्हरमधले जुने साथीदार. त्याच चित्रपटासाठी मडहनीने 'ओव्हरब्लोन' दिलं, या सगळ्या गवगव्यावर सरळ नाराजी सांगणारं.

(दृश्य: नव्वदच्या दशकातलं भारतीय शहर. गच्चीवर गोल डिश, एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत गेलेली केबलची वायर.)

आमच्या पुण्यातल्या घरी केबल आली ती याच सुमारास. एमटीव्ही एशिया स्टार टीव्हीवर १९९१ मध्ये सुरू झालं होतं. शाळेतून आलं की दप्तर टाकून टीव्हीसमोर. निर्वाणा दिसला, पर्ल जॅम दिसला, साउंडगार्डन दिसला. मडहनी दिसल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना ऐकलं कित्येक वर्षांनी, एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेलं. मूळ खरखर कुठली आणि टेपची कुठली, हे सांगता येत नव्हतं. मला ते गाणं तसंच आवडलं आणि आजही मनात तसंच वाजतं.

मडहनीने १९९२ मध्ये रिप्रीज या मोठ्या कंपनीशी करार केला. अल्बम निघत राहिले, लाखोंचा खप मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. दशक संपताना करारही संपला. ल्यूकिन बाहेर पडला. त्याच्या जागी २००१ मध्ये आला गाय मॅडिसन, मूळ ऑस्ट्रेलियाचा, पेशाने परिचारक. आणि मडहनी परत सब पॉपकडे आला. आजतागायत तिथेच आहे.

११ जुलै २०१३. सब पॉपची २५ वर्षं. मडहनी वाजवतोय स्पेस नीडलच्या अगदी माथ्यावर. हा मनोरा ६०५ फूट उंच. खाली सगळं शहर, मागे पाणी, वाऱ्याने केस तोंडावर. ही चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल!

(दृश्य: विमानतळावरचं दुकान. तबकड्यांचे खण, टांगलेले टी-शर्ट, मागे सरकत्या बॅगांचा आवाज.)

सिॲटलच्या विमानतळावर आता सब पॉपचं दुकान आहे. रेडमंड-बेलव्ह्यूकडे नोकरीला असलेल्या मुलांकडे सहा महिने राहून परतणारे आपल्याकडचे कितीतरी आईवडील त्याच्यासमोरून जात असतील. मीही बहिणीकडून परतताना गेलो. विमानाला दीड तास होता. मडहनीच्या खणात 'सुपरफझ बिगमफ' आणि सुरुवातीच्या सिंगल्सचा एकत्र अल्बम मिळाला. त्यातलं पहिलंच गाणं 'टच मी आय'म सिक'. पुण्यापर्यंत तो मांडीवर धरून आणला, वरच्या कप्प्यात ठेवायचा धीर झाला नाही.

त्या दुकानातला माल जातो तो सब पॉपच्या गोदामातून. आणि त्या गोदामाची व्यवस्था गेली कित्येक वर्षं पाहणाऱ्या माणसाचं नाव आहे मार्क आर्म. म्युझॅकमध्ये टेपची काडतुसं पुसणारा, तोच. दौरा नसला की तो कामावर असतो. खोकी येतात, खोकी जातात. तबकड्या मोजायच्या, यादीशी ताडायच्या, पुठ्ठ्यात बांधायच्या, चिकटपट्टी लावायची. त्यात त्याच्या स्वतःच्याही असतात.

(दृश्य: पुण्यातली खोली. सुई उचलली जाते, तबकडीच्या कडेवर टेकते. थोडी चरचर. मग गिटार.)